स्पीच थेरपी: मराठवाड्यातल्या घरांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पीच थेरपी म्हणजे जिभेचे व्यायाम का?

नाही. ऐकणं, समजणं, शब्द सापडणं, उच्चार, आवाज, बोलण्याची लय आणि गिळणं या सगळ्याची तपासणी आणि उपचार यात येतात. म्हणून आमच्याकडे आठ महिन्यांचं लेकरूही येतं आणि लकवा मारलेले सत्तरीतले आजोबाही. जीभ बाहेर काढ, आत घे, फुगा फुगव, मेणबत्ती विझव असे व्यायाम अजूनही पुष्कळ ठिकाणी करून घेतात. बोलायचं असेल तर सराव बोलण्याचाच लागतो. नुसत्या फुंकरीने शब्द येत नाहीत.

लेकरू दोन वर्षांचं झालं, अजून बोलत नाही. आजी म्हणते, त्याचा बाप बी उशिराच बोलला होता. वाट बघावी का?

वाट बघू नका. काही मुलं उशिरा बोलतात आणि पुढे सगळ्यांच्या बरोबरीला येतात, हे खरं आहे. पण आपलं लेकरू त्यांतलं आहे की नाही, हे घरी बसून कळत नाही. शिवाय बाप उशिरा बोलला होता, ही घरात तशी प्रवृत्ती असल्याची खूण आहे. ती तपासणी लवकर करण्याच्या बाजूने जाते.

मोजायच्या गोष्टी अशा. ६ ते ९ महिन्यांत 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड सुरू व्हायला हवी. वर्षाच्या आसपास पहिला अर्थाचा शब्द यावा. नावाने हाक मारली की बघणं आणि हवी ती वस्तू बोटाने दाखवणं हेही त्याच सुमाराला. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, तर दाखवायला न्या. २ वर्षांचं मूल साधारण ५० शब्द वापरतं आणि दोन शब्द जोडतं: 'पाणी दे', 'बाबा आले'. तिसऱ्या वर्षी त्याचं बहुतेक बोलणं शेजारणीलाही कळायला हवं.

एक गोष्ट कुठल्याही वयात गंभीर धरा: येत असलेले शब्द गेले. लेकरू 'आई', 'भूभू' म्हणत होतं आणि आता म्हणत नाही, नजर देत नाही, बोट दाखवत नाही, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

थाळी वाजवली की वळून बघतं. मग कानाची तपासणी कशाला?

सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नात वाया जातो. थाळीचा आवाज फार मोठा असतो. मध्यम बहिरेपण असलेलं मूलही तो ऐकतं. बऱ्याचदा तर ते आवाज ऐकून वळत नाही. हात हललेला कोपऱ्यातून दिसतो, फरशीचा हादरा जाणवतो. शिवाय काही मुलांना जाड आवाज ऐकू येतात आणि बारीक येत नाहीत. अशा मुलाला 'आ', 'ओ' ऐकू जातात, पण 'स', 'श', 'क', 'त' निसटतात. हाक मारली की ते वळतं, बोलताना मात्र अर्धे शब्द खातं. घरच्यांना वाटतं, हट्टी आहे.

म्हणून बोलण्यात उशीर असलेल्या प्रत्येक मुलाची आधी ऐकण्याची तपासणी, मग बाकी सगळं. ओएई तपासणीत कानाचा आतला भाग आवाजाला प्रतिसाद देतो का ते बघतात. त्यासाठी कानात छोटी नळी ठेवतात आणि झोपलेल्या बाळाचं काही मिनिटांत होतं. त्यात 'रेफर' (पुढे तपासा) आलं म्हणजे मूल बहिरं, असं नव्हे. कानात मळ किंवा पाणी असलं तरी तसं येतं, म्हणून पुन्हा तपासतात. बेरा तपासणीत डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. जन्मल्यावर जास्त कावीळ झालेल्या किंवा काचेच्या पेटीत राहिलेल्या बाळाची ओएई चांगली आली तरी बेरा करून घ्या. अशा बाळांत कधी कान ठीक असतो आणि दोष पुढे नसेत असतो.

बेराला मूल गाढ झोपावं लागतं आणि गावाकडच्या लोकांची फेरी इथेच फुकट जाते. लेकरू एसटीत दोन तास झोपतं आणि केंद्रावर आल्यावर टक्क जागं. आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा आणि प्रवासात जागं ठेवा. दूध तपासणीच्या वेळी पाजायचं ठेवा. पण झोपेचं औषध देणार असतील, तर किती वेळ आधी खाणंपिणं बंद करायचं ते विचारून घ्या. झोपेचं औषध स्वतःच्या मनाने कधीच देऊ नका. आणि डोक्याला तेल लावून आणू नका. केस धुऊन आणा, तेलावर इलेक्ट्रोड चिकटत नाहीत.

जन्मलेल्या बाळासाठी हिशेब सोपा आहे: १ महिन्याच्या आत चाचणी, ३ महिन्यांच्या आत निदान, ६ महिन्यांच्या आत उपचार सुरू. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात. अशा नात्यातल्या लग्नात जन्मजात बहिरेपणाची शक्यता वाढते, तेव्हा या घरांनी ही चाचणी अजिबात टाळू नये.

तपासणी कुठे होते?

अंगणवाडी आणि शाळांमध्ये येणारं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. २०१३ पासूनचा हा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणं अपेक्षित असतं. अंगणवाडीताईंना सांगून त्या दिवशी लेकरू हजर ठेवा. तिथून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी मिळते. थेट जायचं तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय किंवा लातूर, नांदेड, अंबाजोगाई इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा कान-नाक-घसा विभाग गाठा. निघण्याआधी फोन करून बेरा कोणत्या वारी होते ते विचारा, म्हणजे भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही बुडत नाही.

जिभेखालची तार कापली, वेखंड उगाळून लावलं, तर बोलेल का?

जिभेखालची तार आखूड असेल तर बाळाला दूध ओढायला त्रास होऊ शकतो आणि मोठेपणी एखाददुसऱ्या उच्चारात अडचण येऊ शकते. पण तारेमुळे मूल मुकं राहत नाही. 'आई', 'बाबा', 'पापा' म्हणायला जिभेचं टोक लागतच नाही. मूल हेही म्हणत नसेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

वेखंडाने आणि मधाने वाचा फुटत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नका. त्यातल्या जंतूंमुळे बाळाला स्नायू लुळे पाडणारी विषबाधा होऊ शकते. पडजीभ कापून देणाऱ्यांकडेही जाऊ नका.

घरी लमाणी बोलतो, अंगणवाडीत मराठी. दोन भाषांमुळे गोंधळ होतो का?

होत नाही. तांड्यावरची गोरमाटी म्हणजेच लमाणी, नांदेड-परभणीकडची दखनी उर्दू, देगलूर-बिलोलीकडची तेलुगू, उमरगा-निलंग्याकडची कन्नड, यांतली कुठलीही घरची भाषा सोडू नका. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजा. मूल 'पाणी'ला एकच शब्द म्हणेल, तो कुठल्याही भाषेतला असो, तो एक धरायचा. माय ज्या भाषेत रडते, रागावते, अंगाई म्हणते, त्याच भाषेत तिने लेकराशी बोलावं. मोडक्या मराठीत बोलायला लागली की ती कमी बोलते आणि लेकराच्या कानावर भाषाच कमी पडते.

हेच बोलीबद्दल. 'पानी', 'कामून', 'जायलाव', 'लई' हे दोष नाहीत. गावात सगळेच 'ण'च्या जागी 'न' म्हणत असतील तर मुलानेही तसंच म्हणणं बरोबर आहे. असलं 'शुद्ध' करून घ्यायला आमच्याकडे आणू नका.

चार वर्षांचा आहे, 'काका'ला 'ताता' म्हणतो. कसं शिकवायचं?

'क', 'ग' म्हणताना जिभेचा मागचा भाग उचलून टाळूला लागतो. हे मूल त्याऐवजी टोक पुढे लावतं, म्हणून 'गाय'ची 'दाय' होते. तीन वर्षांपर्यंत हे चालतं. चार उलटल्यावर थेरपी सुरू करावी. 'र', 'ळ', 'श' सगळ्यांत उशिरा येतात, त्यांची घाई नको.

आधी तोंड नाही, कान तयार करायचा. दोन चित्रं घ्या: एक दार, एक गार पाण्याचा माठ. तुम्ही 'दार' म्हणाल तेव्हा दारावर बोट, 'गार' म्हणाल तेव्हा माठावर. दहातले आठ-नऊ बरोबर येईपर्यंत त्याला बोलायला लावू नका. ज्याला फरक ऐकूच येत नाही, त्याच्याकडून 'म्हण, म्हण' करून घेतलं की चुकीचाच उच्चार पक्का होतो.

मग आवाज काढणं. मुलाला उताणं झोपवा. जीभ आपोआप मागे सरकते आणि 'क' सोपा होतो. तेवढ्याने आलं नाही तर स्वच्छ चमच्याच्या पाठीने जिभेचं टोक हलकेच खाली धरा आणि 'ता' म्हणायला सांगा. टोक अडलं की मागचा भाग उठतो आणि 'का'सारखं काहीतरी निघतं. चमचा खोल घालू नका, ओकारी येते आणि मग लेकरू तोंडच उघडत नाही. पहिल्यांदा 'का', 'को', 'कू' घ्या. 'की' नंतर, कारण 'ई'ला जीभ पुढे येते. पुष्कळ मुलांना शब्दाच्या शेवटचा 'क' आधी जमतो, म्हणून 'नाक', 'एक' वापरून बघा. एकटा आवाज पक्का झाला की शब्द, मग 'काका आले' असे दोन शब्द, मग वाक्य. थेट गप्पांमध्ये टोकत बसलात तर ते गप्प होईल. दिवसाला दहा-पंधरा मिनिटांचा सराव पुरे.

केंद्र ७० किलोमीटरवर आहे. आठवड्याला येणं जमत नाही. मग उपयोग काय?

उपयोग आहे, कारण खरी थेरपी घरीच होते. आठवड्याच्या पाऊण तासात कुणी बोलायला शिकत नाही. थेरपिस्टने तुम्हाला करून दाखवावं, तुमच्याकडून समोर करून घ्यावं आणि तुम्ही ते रोजच्या कामात मिसळावं. महिन्यातून एकदा येणाऱ्या घरानेही हे केलं तर फरक पडतो.

भाकरी करतानाचंच बघा. लेकरू समोर बसवा, तव्यापासून लांब. पिठाचा गोळा हातात द्या: 'पीठ'. थापताना 'थाप थाप थाप'. भाकरी टाकल्यावर 'गरम'. मग हात थांबवा, त्याच्याकडे बघा आणि मनात पाचपर्यंत मोजा. ही गप्प राहायची पाच मोजणी सगळ्यात अवघड जाते. मोठ्यांना राहवत नाही आणि तेच उत्तर देऊन टाकतात. लेकराने 'गम' म्हटलं तरी चालेल. तुम्ही 'हो, गरम भाकरी' असा एक शब्द वाढवून परत द्या. 'असं नाही, नीट म्हण' नको. 'हे काय आहे? ते काय आहे?' अशी परीक्षाही नको.

आठवड्याला तीनच शब्द निवडा आणि ते कामाचे असू द्या: 'दे', 'अजून', 'झालं'. रंगांची नावं आणि एबीसीडी नंतर. भूक लागली हे सांगता न येणाऱ्या लेकराला 'पर्पल' येऊन काय करायचं?

दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जातो. पाच-सहा महिने थेरपी बंद पडते.

बीड, धारूर, पाटोदा, आष्टीकडच्या घरांचा हा नेहमीचा प्रश्न. निघण्याआधीच ऐकण्याची तपासणी आणि श्रवणयंत्र असेल तर त्याचा कानात बसणारा साचा उरकून घ्या. थेरपिस्टला पाच-सहा कृती तुमच्याच मोबाइलवर, तुमच्याच लेकरासोबत करून व्हिडिओ काढायला सांगा. पंधरा दिवसांतून एकदा व्हिडिओ कॉल ठरवा, तोही कोप्यावर (राहायच्या झोपडीवर) परत आल्यानंतरच्या वेळेला. कारखान्याच्या परिसरातल्या अंगणवाडीत नाव घाला. लेकरू गावी आजीपाशी राहणार असेल, तर शिकवायचं आजीला. शेवटच्या भेटीला तिलाच घेऊन या.

श्रवणयंत्र असेल तर सेलचा हिशेब आधी करा. १३ नंबरचा सेल, नारिंगी पट्टीवाला, एक ते दोन आठवडे जातो. १० दिवसांचा धरला तर १८० दिवसांना एका कानाला १८, दोन कानांना ३६ सेल लागतात, म्हणजे सहा-सहाची सहा पाकिटं. पट्टी काढली की हवेने सेल सुरू होतो, म्हणून एक मिनिट थांबून मग बसवा. पट्टी परत चिकटवून सेल वाचत नाही. लहान लेकराच्या हाती सेल लागू देऊ नका. गिळला तर घरगुती उपाय न करता ताबडतोब मोठा दवाखाना, तो काही तासांत अन्ननलिका जाळतो.

श्रवणयंत्र लावलं, तरी ऐकत नाही. काढून फेकतं.

तीन कारणं बहुतेक वेळा सापडतात. कानाचा साचा सैल झालेला असतो. बाळाचा कान झपाट्याने वाढतो, पहिल्या वर्षात साचा दर काही महिन्यांनी नवा लागतो. सैल साच्यातून शिटी येते, मग घरचे यंत्राचा आवाज कमी करून ठेवतात आणि यंत्र असून नसल्यासारखं होतं. दुसरं, नळीत घामाचं पाणी. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत हे रोजचं आहे. रात्री यंत्र सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा, फ्रीजवर किंवा उन्हात नको. तिसरं, यंत्र दिवसातून तासभरच लावलं जातं. जागेपणी सगळा वेळ लावायचं असतं.

रोज सकाळी दोन मिनिटांची तपासणी करा. लेकराच्या मागे हातभर अंतरावर बसून, ओठ न दाखवता सहा आवाज म्हणा: आ, ऊ, ई, म, श, स. ऐकलं की त्याने डब्यात खडा टाकायचा. क्रम रोज बदला आणि मधली शांतता कमीजास्त ठेवा, नाहीतर ते ठेक्यावर खडे टाकतं. काल 'स' ऐकत होतं आणि आज नाही, तर आधी सेल, मग नळी, मग कान बघा.

यंत्राने पुरेसा फायदा होत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राचा, विचार लवकर करा. केंद्र सरकारच्या, अपंगांना साधनं देणाऱ्या एडिप योजनेत जन्मतः बहिऱ्या, साधारण ५ वर्षांच्या आतल्या मुलांना ते मिळू शकतं. वय जितकं कमी तितकं बोलणं चांगलं येतं. शस्त्रक्रियेनंतर निदान दोन-तीन वर्षं थेरपी चालते, याची तयारी आधीच ठेवा.

तोतरेपणा आणि बोबडेपणा एकच का?

वेगळे. 'दाडी आली' म्हणणारा बोबडा. 'ग-ग-ग-गाडी' म्हणणारा किंवा 'गा' वरच अडणारा तोतरा. तोतरेपणा बहुधा २ ते ५ वर्षांत सुरू होतो आणि बऱ्याच मुलांचा आपोआप जातो. सहा महिन्यांहून जास्त टिकला, घरात आणखी कुणाला आहे, मूल डोळे मिटतं किंवा मान झटकतं, बोलायचं टाळतं, तर थांबू नका. तो भीतीने किंवा नकलेने लागत नाही. तोंडात गारगोट्या ठेवून जातही नाही.

'हळू बोल', 'श्वास घे' म्हणणं बंद करा. त्याऐवजी तुम्हीच सावकाश बोला, शब्द पुरा करून देऊ नका, आणि अडलं तेव्हाही नजर त्याच्या चेहऱ्यावर राहू द्या. शाळेत बाईंना सांगा: हजेरीला 'हजर'ऐवजी हात वर चालेल, वाचन सुरुवातीला जोडीने घ्या. सोबत वाचताना बहुतेक मुलं अडत नाहीत. स्वतःचं नाव मात्र हमखास अडतं, कारण त्याला दुसरा शब्द नसतो. ओळख करून देताना त्याला वेळ द्या.

फाटलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झाली, तरी नाकातून बोलतो.

जन्मतः फाटलेला ओठ साधारण ३ ते ६ महिन्यांत आणि टाळू ९ ते १८ महिन्यांत शिवतात. टाळू शिवल्यावरही मागचा पडदा नीट बंद होत नसेल तर हवा नाकातून जाते. घरी बघायचं तर थंड आरसा नाकाखाली धरून 'पापा', 'ताई', 'काका' म्हणायला लावा. आरशावर वाफ आली तर गळती आहे. 'म', 'न' असलेले शब्द घेऊ नका, त्यांत वाफ येणारच. गळती असेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना पुन्हा दाखवा. पडद्याची उणीव थेरपीने भरून निघत नाही. गळ्यातून काढायच्या चुकीच्या आवाजांची सवय मात्र थेरपीनेच मोडते.

आजोबांना लकवा मारला, बोलता येत नाही. पण आरती अख्खी म्हणतात! नाटक करतात का?

नाही. पाठ असलेली आरती, पाढे, वार, शिव्यासुद्धा मेंदूतून आपोआप बाहेर पडतात. 'मला लुंगी बांधून दे' हे मनातलं वाक्य जुळवणं वेगळं काम आहे आणि इजा तिथे झालेली असते. बोलणं गेलं ते बहुधा उजवी बाजू लुळी पडलेल्यांचं, कारण दोन्हींचा ताबा मेंदूच्या डाव्या भागाकडे असतो. हो-नाहीचे प्रश्न विचारा, एका वेळी एकच. मोठ्याने ओरडू नका, कान ठीक आहेत. चहा, पाणी, संडास, दुखतंय, पंखा अशी मोठी चित्रं एका पुठ्ठ्यावर चिकटवून उशाशी ठेवा. चित्रांमुळे बोलणं मागे पडत नाही.

बोलण्याच्याही आधी गिळणं तपासून घ्या. पाणी पिताना ठसका, जेवल्यावर आवाज घोगरा-ओला, वरचेवर ताप, ही अन्न श्वासनळीत जाण्याची लक्षणं. काहींना ठसकाही लागत नाही, म्हणून तपासणीशिवाय तोंडाने देऊ नका. झोपलेल्या माणसाच्या तोंडात वाटीने पाणी ओतणं हा जीवघेणा प्रकार आहे. ताठ बसवून, अर्धा चमचा, पहिला घास गिळल्याची खात्री करून दुसरा. जेवल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवा. पातळ पाणी सगळ्यात अवघड, दाटसर पेज किंवा घट्ट दही सोपं. पातळ वरणात कुस्करलेली भाकरी मऊ दिसते, पण त्यात पाणी आणि तुकडे एकाच वेळी सांभाळावे लागतात, म्हणून सुरुवातीला नको. त्याऐवजी एकजीव मऊ खिचडी द्या. आणि तोंड रोज दोनदा स्वच्छ करा, न्यूमोनिया टळायला त्याची मोठी मदत होते.

सप्ताहात कीर्तन केल्यापासून आवाज बसलाय.

दोन-तीन दिवस कमी बोला, भरपूर पाणी प्या, घसा खाकरू नका. कुजबुजही नको, त्याने ताण वाढू शकतो. आवाज तीन आठवड्यांत परत आला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र बघून घ्याच. तंबाखू, गुटखा, विडी घेणाऱ्यांनी तर एक दिवसही पुढे ढकलू नये.

थेरपिस्ट शिकलेला आहे हे कसं ओळखायचं, आणि पहिल्या भेटीला काय न्यायचं?

भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. परिषद १९९२ च्या कायद्याने चालते आणि तो क्रमांक तिच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पदवी चार वर्षांची असते, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. 'तीन महिन्यांत बोलता करतो' अशी हमी देणाऱ्यापासून दूर राहा.

सोबत जन्माची फाइल, झालेल्या तपासण्यांचे कागद, चालू औषधांची यादी आणि लेकराचा घरी खेळतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ आणा. नव्या जागी मुलं गप्प बसतात, तेव्हा तो व्हिडिओ फार कामी येतो. त्याला येणारे सगळे शब्द, तो म्हणतो तसेच, वहीत लिहून आणा. आणि दिवसभर त्याला सांभाळणारं जे कुणी असेल, त्याने सोबत यावं.